कायमचं परतणाऱ्यांची खिडकी

माणूस परदेशातून घरी यायला निघाला की त्याची निम्मी अक्कल पलीकडेच राहते, हे मी सव्वीस वर्षं बघत आले आहे. आमचा जकात नाका पुलाच्या अलीकडच्या टोकाला. दिवसाला चौदा बस येतात, सामानाचे टेम्पो वेगळे. प्रत्येक बसमधून चाळीसेक माणसं उतरतात आणि त्यांतली निदान दहा तरी मला सांगतात, "काही नाही हो मॅडम, घरचंच सामान आहे." घरचंच म्हणजे काय? चोराच्या घरीसुद्धा घरचंच सामान असतं.

माझी खिडकी चौथी. पहिल्या तीन खिडक्या सहलीवाल्यांच्या, पाहुण्यांच्या आणि रोज ये-जा करणाऱ्यांच्या. चौथीवर येतात ते कायमचे परतणारे. कुणाचा करार संपलेला असतो, कुणाची तब्येत गेलेली असते, कुणाचा नवरा, आणि कुणाला नुसताच कंटाळा आलेला असतो. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्याला वापरलेलं घरसामान जकात न भरता आणता येतं. त्याची यादी तीन प्रतींत लागते. वस्तूचं नाव, किती नग, किती वर्षं वापरली. औषधं असली तर डॉक्टरची चिठ्ठी. रोपं, बियाणं, माती अजिबात नाही; कुंडी रिकामी आणि धुतलेली चालते. सोनं अंगावर असलं तरी लिहायचं. आणि शेवटच्या रकान्यात, सामान जिथे राहणार तो पत्ता. एवढंच आहे, आणि एवढ्यात चांगली शिकलेली माणसं घोडचुका करतात. एका बाईंनी यादीत 'नवरा, एक नग, वापर एकवीस वर्षं' असं लिहिलं होतं. मी हसले नाही. खोडायला लावलं. खोडतानाही एकच रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. व्हाइटनर चालत नाही.

माझ्या तोंडाची नाक्यावर ख्याती आहे. मागून मला 'कलम' म्हणतात, पुढून म्हणायची कुणाची छाती नाही. शेजारच्या तिसऱ्या खिडकीवरचे जे आहेत त्यांना सगळे शिक्केमास्तर म्हणतात, कारण त्यांचा शिक्का आजवर कधी वाकडा पडलेला नाही. दुपारी माझ्यासमोर डबा खायला बसणारे ते एकटेच. तेसुद्धा डबा खाताना मोबाइलवर बातम्या वाचतात. मी त्यांचा डबा बघते आणि ते बातम्या बघतात, असं आमचं सहा वर्षं बरं चाललं आहे.

मला एक धाकटी बहीण आहे. सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी मी तिला धाकटीच म्हणते. ती तेरा वर्षांपूर्वी याच पुलावरून पलीकडे गेली, एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून. तेव्हा आई होती. आई, ती आणि मी, असं तिघींचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायला लहानशी गच्ची. धाकटी गेल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता तिचा फोन यायचा. अर्धा तास ती आईशी बोलायची आणि मग आई फोन माझ्या हातात कोंबायची. आम्ही बहिणी गप्पा मारणाऱ्यांतल्या कधीच नव्हतो. सात वर्षांचं अंतर. ती खेळायच्या वयाची झाली तेव्हा मी अभ्यासाला बसले होते आणि ती अभ्यासाला बसली तेव्हा मी नोकरीला लागले होते. माझ्याशी काय बोलावं हे तिला सुचायचं नाही, म्हणून ती नियम विचारायची. "ताई, आमच्यातल्या एकीला टीव्ही न्यायचाय, चालेल का?" मी सांगायचे किती इंची चालेल. ती म्हणायची, "बरं." झालं बोलणं.

नऊ वर्षांपूर्वी आई आजारी पडली. तो शेवटचा आजार आहे हे आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं. त्या दिवशी धाकटीचा फोन रविवार नसताना आला. तिचा कामाचा परवाना तेव्हा नूतनीकरणाला गेलेला होता. तिने विचारलं, "ताई, मी आत्ता निघाले तर मला परत जाता येईल का?" मी म्हणाले, "नाही. परवाना हातात नसताना बाहेर पडलीस तर अर्ज रद्द धरतात. सगळं पहिल्यापासून करावं लागेल." ती म्हणाली, "बरं."

ती आली नाही. आई गेली. मी सांगितलं होतं त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं, आजही मी तेच सांगेन. तरी ती येईल असं मला वाटत होतं. ती आली नाही हे मी पोटात ठेवलं आणि त्यावर नऊ वर्षं झाकण लावलं. तोंडातून एक शब्द काढला नाही. हा माझा मोठेपणा आहे अशी माझी समजूत होती.

आई गेल्यावर फोन बंद होतील असं वाटलं होतं, पण झाले नाहीत. पहिला रविवार, दहा वाजता. "ताई, मिक्सर किती वर्षं वापरलेला लागतो?" "ताई, शिवणयंत्राचं काय?" "ताई, एकीला लाकडी पाळणा न्यायचाय, लाकडाला काही वेगळं असतं का?" तिच्या ओळखीतली एवढी माणसं परत निघाली असती तर ते हॉस्पिटल ओस पडायला हवं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, तसा तो प्रकार होता, आणि मला तो कळत होता. मी आपली लाकडाचं सांगायचे. साल नको, कीड नको, रंग दिलेला असेल तर उत्तम. मग पोटनियम. मग पोटनियमाला असलेला अपवाद. त्यातलं निम्मं तिला कधी लागणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक असायचं. पण सांगून संपलं की फोन संपणार, आणि मग घरात महिनाभर फक्त नळाचा आवाज. म्हणून मी सांगत राहायचे. एकदा मी तिला होडी आणायचे नियम सांगितले. तिने विचारले नव्हते. तीही शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं." भांडं दोघींनीही लपवलं होतं, माझं तर जरा मोठंच होतं.

मी स्वतः तिला कधी फोन केला नाही. मला विचारायला काही नव्हतं.

या वर्षी एका पहिल्या रविवारी ती म्हणाली, "ताई, या वेळी माझंच विचारायचंय. मी कायमची परत येतेय."

मी खुर्चीत होते ती उठून उभी राहिले. का ते माहीत नाही.

"यादी किती प्रतींत लागते?" तिने विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

मग मी चाळीस मिनिटं बोलले. इतकं चांगलं मी आयुष्यात कुणाला समजावून सांगितलं नसेल. कपाटाच्या किल्ल्या कपाटाला बांध, फ्रीज दोन दिवस आधी बंद करून कोरडा कर, भांडी मोजताना झाकणं वेगळी मोजू नकोस. ती लिहून घेत होती, पेनचा आवाज येत होता. 'ये' म्हणायचं राहिलं. राहिलं म्हणजे, म्हणायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. घर आहे, त्यात आईची खोली आहे, ती येतेय, म्हणजे घरीच येतेय. मी रोज चाळीस माणसांना विचारते, "कुठे राहणार?" पत्त्याचा रकाना रिकामा असला तर यादी परत देते. आणि सख्ख्या बहिणीला विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्याच दिवशी मी आईची खोली रिकामी करायला घेतली. नऊ वर्षांत तिथे इस्त्रीचं टेबल, रद्दी आणि मोडका पंखा येऊन राहिले होते. रंगाऱ्याने विचारलं, "बाई, कुठला रंग द्यायचा?" आणि मला उत्तर देता येईना. धाकटीला कुठला रंग आवडतो हे मला माहीत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची ओळख, आणि एवढंही माहीत नाही. रंगाऱ्याने पट्टी दाखवली, मी फिकट निळ्यावर बोट ठेवलं. "बरोबर, सगळे हाच घेतात," तो म्हणाला. मग मी गादी घेतली. गादीच्या दुकानात दुकानदाराने सहज विचारलं, "घरी वापरायला का?" तर मी त्याला सांगितलं की बहिणीसाठी आहे, ती तेरा वर्षांनी येतेय, ती नर्स आहे, तिच्या पाठीला बरी पडेल अशी द्या. एवढं त्याने विचारलं नव्हतं. कॉलनीतल्या एकदोघींनाही मी उगाच थांबवून सांगितलं. त्या माझ्याकडे जरा घाबरून बघत होत्या, कारण एरवी मी त्यांना कचऱ्याच्या डब्यावरूनच थांबवते.

यातलं एक अक्षर मी धाकटीला सांगितलं नाही. निघायच्या आधी तिचा आणखी एकदा फोन आला. फ्रीजच्या कागदांचं विचारून झालं, शिवणयंत्राचं विचारून झालं. मग ती म्हणाली, "ताई, आणखी काही?"

मी म्हणाले, "काचेच्या वस्तू वेगळ्या बांध."

ती आली त्या दिवशी बुधवार होता. मी गणवेशाला दोनदा इस्त्री केली होती. तिचा टेम्पो पावणेदहाला पुलावर दिसला आणि सव्वादहाला ती माझ्या रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे पाच माणसं होती. एका गृहस्थाने यादीत 'किरकोळ सामान' असं लिहिलं होतं. एरवी मी त्याला अर्धा तास पिळला असता, त्या दिवशी पाच मिनिटांत सोडला. मान वर केली की ती दिसायची. केस कानांवर पांढरे झाले होते. उभी राहताना एका पायावर भार देत होती. बारा-बारा तास उभं राहून काम करणारी माणसं अशी उभी राहतात, मी ओळखते. डोळे तिच्याकडे होते आणि हात भराभर शिक्के मारत होते.

ती खिडकीशी आली. काचेखालून तीन प्रती सरकवल्या आणि हसून म्हणाली, "नमस्कार, मॅडम."

आणि मी म्हणाले, "पासपोर्ट."

सव्वीस वर्षांची सवय. जीभ माझ्या आधी बोलली. तिचं हसू तिथेच राहिलं. तिने पासपोर्ट दिला.

आपल्या माणसाचं सामान आपण तपासायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तपासनीसाने उठायचं, 'नातेवाईक' असं मोठ्याने म्हणायचं, आणि शेजारच्या खिडकीवाल्याने येऊन काम बघायचं. बाकीच्यांना हे आठवड्याला एकदा तरी म्हणावं लागतं. कुणाचा मेहुणा येतो, कुणाची आत्या. मला सव्वीस वर्षांत कधी म्हणावं लागलं नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "नातेवाईक." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

शिक्केमास्तर आले. "कोण?" त्यांनी विचारलं.

"बहीण."

"तुम्हाला बहीण आहे?" ते म्हणाले. सहा वर्षं आम्ही समोरासमोर डबा खातोय.

मी खरं तर पलीकडे जाऊन उभं राहायला हवं होतं. त्यांच्या खुर्चीमागेच राहिले. त्यांनी पद्धतीप्रमाणे यादी मोठ्याने वाचली. कपाट लोखंडी एक, दहा वर्षं. खुर्च्या दोन, नऊ वर्षं. शिवणयंत्र एक. फ्रीज एक. पुस्तकं एक पेटी. यादी इतकी सुरेख केलेली होती की शिक्केमास्तर म्हणाले, "बाई, अशी यादी मी बघितली नाही." झाकणं वेगळी मोजलेली नव्हती. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. मग त्यांनी शेवटचा रकाना वाचला. तीन तासांवरच्या एका गावाचा पत्ता होता, घर कुणा दुसऱ्याच बाईचं.

"पत्ता चुकलाय," मी म्हणाले.

शिक्केमास्तरांचा हात थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग काचेपलीकडे. "बाई, पत्ता बरोबर आहे का?"

धाकटी माझ्याकडे बघत होती. "बरोबर आहे," ती म्हणाली.

शिक्का सरळ पडला.

मी साहेबांना सांगून दहा मिनिटांची सुट्टी घेतली आणि मागच्या आवारात गेले. टेम्पोवाला सोडलेले दोर परत आवळत होता. धाकटी फ्रीजला हात लावून उभी होती, हलतोय का बघत.

"हा कुठला पत्ता?" मी विचारलं. विचारलं कसलं, अंगावरच गेले.

"मैत्रिणीचा. आमच्याच वॉर्डात होती, मागच्या वर्षी परत आली. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. तिथल्या दवाखान्यात कामही मिळालंय मला."

"आणि घर?"

"कुठलं घर?" ती म्हणाली. टोमणा असता तर मी टोमण्याने उत्तर दिलं असतं. तिने खरंच विचारलं होतं.

"आपलं घर. तुझं."

"ताई, तू मला कधी ये म्हणालीस?"

"म्हणायला कशाला लागतं? स्वतःच्या घरी यायला निमंत्रण लागतं का?"

ती दोराच्या गाठीकडे बघत राहिली. "आई आजारी होती तेव्हा मी तुला विचारलं होतं, येऊ का. तू म्हणालीस, अर्ज रद्द धरतात."

"तू विचारलंस परत जाता येईल का. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं मी."

"हो. तेच दिलंस." ती म्हणाली. "मी बॅग भरली होती ताई. दाराशी ठेवली होती. तू नुसतं 'ये' म्हणाली असतीस ना, तर परवाना गेला असता खड्ड्यात. मला वाटलं, तुला मी नको आहे. सगळं तूच केलंस तिचं, आता शेवटी ही कशाला, असं तुला वाटत असेल. मी नऊ वर्षं तेच धरून चाललेय."

मी ज्या गोष्टीसाठी तिला नऊ वर्षं मनातल्या मनात खिडकीबाहेर उभं केलं होतं, त्याच गोष्टीसाठी ती स्वतःला बाहेर उभं करून बसली होती. आणि मधे काय होतं, तर एक बरोबर उत्तर.

"मी वाट बघत होते," मी म्हणाले. "शेवटचे दोन दिवस. ड्यूटी नव्हती माझी, तरी मी बसच्या वेळेला इथे येऊन उभी राहायचे. आईजवळ शेजारणीला बसवून यायचे. तू उतरशील म्हणून."

धाकटीने माझ्याकडे मान वळवली. तिचे डोळे भरले होते. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," मी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर वाटलं की जीभ हासडून टाकावी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.

पण ती हसली. रडता रडता हसली. "तू अगदी तशीच आहेस," ती म्हणाली.

"घरी चल," मी म्हणाले. "खोली रंगवलीय. गादी आणलीय नवीन. पाठीला चांगली आहे."

तिने डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याकडे बघितलं, तो शेवटची गाठ मारत होता. मग माझ्या दंडावर हात ठेवला. रोग्याच्या नातेवाईकांना बाहेर बोलावून नर्स जशी हळू आवाजात बोलते, तशी ती बोलली. "आता नाही जमायचं, ताई. सोमवारी कामावर हजर व्हायचंय. मैत्रिणीने माझ्यासाठी दोन दिवस रजा घेतलीय, सामान लावायला. मी तिला शब्द दिलाय."

"मग कधी?"

"बघू," ती म्हणाली. "नवा नंबर घेतला की कळवते."

'बघू'चा अर्थ काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः तो शब्द लोकांना दिवसातून दहादा ऐकवते. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो फाटकातून बाहेर पडला आणि डावीकडे वळला. आमचं घर उजवीकडे आहे.

दुपारी शिक्केमास्तरांनी मोबाइल पालथा ठेवला. त्यांनी आपला डबा माझ्याकडे सरकवला, मी एक घास घेतला, आणि आम्ही दोघांनी तिच्याबद्दल काही बोलायचं टाळलं. यादीबद्दल मात्र ते पुन्हा म्हणाले, "फार छान यादी होती हो." मी मान हलवली. संध्याकाळी घरी आले, निळ्या खोलीत गेले आणि त्या नव्या गादीच्या कडेवर बसून रडले. मोठ्याने रडले. घरात ऐकायला कुणी नव्हतं म्हणून नव्हे. असतं तरी रडले असते.

तिने नंबर कळवला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. घर लावत असेल, नवं काम असेल, असं मी स्वतःला सांगत होते. मग पहिला रविवार आला. मी पावणेदहाला चहा घेऊन फोनजवळ बसले. दहा वाजले. सव्वादहा झाले. चहावर साय धरली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आता फोन येणारच नाही. कशाला येईल? ती परत आली होती. सगळं सामान सुटलं होतं, सगळे कागद पुरे झाले होते. तिला विचारायला काही उरलं नव्हतं. तेरा वर्षं ती पलीकडे होती म्हणून तिचा आवाज महिन्यातून एकदा तरी माझ्या घरात होता, आणि आता ती तीन तासांवर आली होती आणि तोही गेला होता.

सोमवारी मी कार्यालयात गेले आणि चौथ्या खिडकीच्या कपाटातली, आमच्याकडे राहते ती यादीची तिसरी प्रत काढली. प्रवाशाने दिलेली माहिती खासगी कारणासाठी वापरायची नाही. नव्या माणसांना मी पहिल्या दिवशी शिकवते तो हाच नियम. पत्त्याखाली मैत्रिणीच्या घरचा नंबर होता. मी तो बसच्या तिकिटामागे लिहून घेतला. शिक्केमास्तर दारात उभे होते. त्यांनी बघितलं आणि ते तोंड फिरवून बाहेर निघून गेले. सव्वीस वर्षांत मी केलेला तो पहिला गुन्हा, आणि तो करताना मला जराही लाज वाटली नाही. भीती मात्र वाटत होती, आणि ती साहेबांची नव्हती.

नंबर मिळाला तरी फोन करायला मला सहा दिवस लागले. रोज वाटायचं, काय कारण सांगू? यादीत काही चूक निघाली म्हणू का? एखादी सही राहिली म्हणू? सहीचं निमित्त इतकं चांगलं होतं की मी ते दोनदा पाठही केलं. ती लगेच आली असती. सही करून, चहा घेऊन, संध्याकाळच्या बसने परत गेली असती.

रविवारी सकाळी मी फोन लावला. कुण्या अनोळखी बाईने उचलला. मी म्हणाले, "मी तिची ताई." तिने तिकडे हाक मारली, आणि मग कुणीतरी धावत आल्याचा आवाज आला.

"ताई?" धाकटीला धाप लागली होती. "काय झालं?"

"काही नाही."

"कागदांत काही राहिलं का? सही वगैरे?"

सही तिच्याच तोंडून आली. मी फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "कागद सगळे बरोबर आहेत."

"मग बरी आहेस ना? पडलीबिडली नाहीस ना कुठे?"

"नाही गं."

"मग फोन कशाला केलास?"

"सहज," मी म्हणाले.

पलीकडे सगळं शांत झालं. मला वाटलं, फोन तुटला. मग तिने नाक ओढलं ते ऐकू आलं, आणि तिने खुर्ची पुढे ओढून घेतल्याचा आवाज आला. माझ्या जिभेवर नियम येत होते, फ्रीजचे, लाकडाचे, काय वाटेल ते. मी दात घट्ट मिटून घेतले. आता काय बोलायचं हे तिला कळेना, मलाही कळेना, आणि फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.